गाडी पेट्रोल पीत नाही, नुसतं चाखते! (सातारा) – मदत हवी

शेडमधला_घोडा
मंडळी, गाडीचं नाव लिहीत नाही. उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक हाच धागा माझ्या तोंडावर मारेल. दोन दारांची, पेट्रोलवर चालणारी, साताऱ्यातल्या प्रत्येक गतिरोधकाला पोटाने ओळखणारी स्पोर्ट्‌स कार आहे, एवढं पुरे. गेल्या दिवाळीत पुण्याच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड घेतली. हौस होती, वय चाळिशीकडे चाललं होतं, बायकोचा होकार एका बेसावध क्षणी मिळाला.

आता रडगाणं. गाडीत पेट्रोल भरता येत नाही. नोझल आत घातलं, घोडा दाबला की अर्धा-पाऊण लिटर जातं आणि 'टक्'. पुन्हा दाबा, पुन्हा टक्. टाकी पाव असली तरी हेच. परवा पंधरा लिटर भरायला वीस मिनिटं लागली. मागे दुधाचा टेम्पो, त्याच्यामागे दोन रिक्षा, सगळे हॉर्नवर. पंपावरचा पोरगा शेवटी म्हणाला, "सायेब, तुमची गाडी पेट्रोल पीत न्हाय, चाखती नुसतं."

चार पंप बदलून पाहिले, दोन शहरातले आणि दोन हायवेवरचे. सगळीकडे तीच कथा. नोझल उलटं करून धरलं, अर्धवट बाहेर काढून धरलं. घोडा अगदी हलका दाबून धार बारीक ठेवली तर जातं, पण मग पोराचा हात अवघडतो आणि तो माझ्याकडे असं बघतो की मला त्याला चहाला पैसे द्यावे लागतात. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा नाही, इंजिन मख्खन चालतं. पुण्याचं एक वर्कशॉप म्हणतंय, टाकी उतरवावी लागेल, आठ दिवस गाडी सोडा. खर्चाचा आकडा ऐकून मी फोन ठेवला.

आई म्हणते, खरंच घोडं घेतलं असतंस तर निदान पाणी तरी प्यालं असतं.

कुणाला असा अनुभव?

टवाळ
साताऱ्याची हवा लागली हो गाडीला. आग्रह केल्याशिवाय जेवत नाही. "घ्या की अजून अर्धा लिटर, संकोच करू नका" असं म्हणून बघा.

कंदीपेढा
स्पोर्ट्‌स कार आणि सातारा? पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत जायला तुम्हाला किती वेळ लागतो हे आधी सांगा. माझ्या स्कूटरला दहा मिनिटं लागतात.

शेडमधला_घोडा
@कंदीपेढा, पंधरा. त्यातली पाच मिनिटं लोकांना फोटो काढू देण्यात.

भडंगप्रेमी
सरळ उत्तर आहे, इथेनॉल. वीस टक्के मिसळायला लागल्यापासून सगळ्या गाड्यांची पोटं बिघडलीत. आमच्या सांगलीत माझ्या मेव्हण्याची बाईक सकाळी चालूच होत नाही. उसाचा रस पाजल्यावर दुसरं काय होणार?

पंपवाला_पुतण्या
काकांचा पंप आहे, सुट्टीत मी तिथे बसतो. कुठे ते विचारू नका, नाहीतर सगळे उधारीवर यायला लागाल.

आधी नोझल 'टक्' का करतं ते समजून घ्या. टोकाशी एक बारीक भोक असतं. पुढच्या वेळी निरखून बघा, दिसेल. तिथून एक बारीक नळी हँडलपर्यंत जाते. पेट्रोल जोरात वाहत असताना त्या भोकातून सतत थोडी हवा ओढली जाते. भोक पेट्रोलने झाकलं की हवा येणं थांबतं, हँडलच्या आत पोकळी तयार होते, त्या ओढीने रबरी पडदा हलतो आणि घोडा सुटतो. बास. त्यात वीज नाही, सेन्सर नाही. टाकी भरली की रिकामी, हे नोझलला कळतच नाही. आपलं तोंड बुडालं की नाही, एवढंच कळतं.

म्हणजे तुमच्या गाडीत पेट्रोल खाली टाकीत उतरायच्या आत गळ्यापर्यंत परत येतंय. चार पंपांवर तेच होत असेल तर पंपांना मोकळं सोडा. शिव्या आम्हालाच पडतात म्हणून सांगतो. आणि हो, बारीक धारेने जातं म्हणालात ना, ते पटतं. उतरायला वेळ मिळाला की उतरतं.

एक खाजगी प्रश्न. 'टक्' झाल्यावर "राऊंड फिगर कर रे" म्हणणाऱ्यांपैकी तुम्ही आहात का? खरं सांगा.

शेडमधला_घोडा
@पंपवाला_पुतण्या, आहे. आमच्या घराण्यात कुणी सुट्टे पैसे परत घेतलेले नाहीत.

पंपवाला_पुतण्या
वाटलंच मला. हे लक्षात ठेवा, नंतर उपयोगी पडेल.

एसटीतला_आबा
पोरांनो, मी कराड डेपोच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली. तुमची ती फॅन्सी गाडी मला ठाऊक नाही, पण हा आजार ठाऊक आहे. घरात तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना आई काय करायची? एक भोक पाडलं की तेल भक्-भक्-भक् करत येतं, निम्मं ओट्यावर. दुसऱ्या कोपऱ्याला खिळ्याने भोक पाडलं की सरळ धार. तेल यायचं तर हवा आत गेली पाहिजे. टाकीत पेट्रोल जायचं तर आतली हवा बाहेर आली पाहिजे. तुमच्या डब्याचं दुसरं भोक बुजलंय. एवढीच गोष्ट हाय.

जुन्या स्कूटरच्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक असायचं. ते मातीने बुजलं की गाडी दोन किलोमीटर चालून बंद. मग लोक प्लग साफ करायचे, कार्बोरेटर खोलायचे, देवाचं नाव घ्यायचे. झाकण उघडून लावलं की परत चालू! नागठाण्याजवळ एकदा एक मास्तर स्कूटर ढकलत चालले होते. मी झाकण उघडून त्यांना दाखवलं, तर ते मला पाच रुपये द्यायला लागले. घेतले नाहीत.

माहेर_मिरज
आबा, मस्त! आमच्या स्कूटरला 'नाटकी' नाव होतं, तिचंही हेच असणार. बाबा प्रत्येक वेळी तिला आडवी करून झोपवायचे आणि मग ती चालू व्हायची.

एसटीतला_आबा
@माहेर_मिरज, ते वेगळं. ते कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येण्यासाठी. पण नाव आवडलं.

तेराचा_पाना
आबांनी नेमकं सांगितलं. मी चाकणला इंधन यंत्रणेच्याच विभागात काम करते, त्यामुळे थोडं लांबण लावते. चालवून घ्या.

आजच्या गाड्यांच्या झाकणाला भोक नसतं, कारण पेट्रोलची वाफ हवेत सोडायची नाही असा नियम आहे. टाकीतली वाफ एका डब्यात जाते, त्याला कॅनिस्टर म्हणतात. आत सक्रिय कोळसा असतो. कोळसा वाफ धरून ठेवतो आणि स्वच्छ झालेली हवा दुसऱ्या तोंडातून, एका नळीने बाहेर पडते. नंतर गाडी चालू असताना इंजिन याच नळीतून उलट हवा ओढतं, कोळशातली वाफ खाऊन टाकतं आणि डबा पुन्हा रिकामा होतो.

आता मुद्दा. पेट्रोल भरताना जी वाफ बाहेर ढकलली जाते तिचं काय करायचं, यात दोन पंथ आहेत. युरोपी पद्धतीच्या टाकीत भरायच्या पाइपाशेजारी दुसरी बारीक नळी असते. वाफ तिच्यातून गळ्याशी येते आणि बाहेर पडते. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने नियम आला की भरतानाची वाफसुद्धा गाडीतच अडवायची. तिथला भरायचा पाइप खाली अरुंद असतो, पेट्रोलनेच तो भरून सील होतो आणि सगळी वाफ कॅनिस्टरकडे जाते. बऱ्याच स्पोर्ट्‌स गाड्यांची टाकी जगभर एकाच साच्याची असते, त्यामुळे भारतात आलेल्या गाडीतही ही दुसरी पद्धत सापडते.

अशा गाडीत कॅनिस्टरची बाहेरची नळी बुजली, तर मिनिटाला तीस-चाळीस लिटरने येणाऱ्या पेट्रोलला जागा करून द्यायला हवा जाणार कुठे? ती गळ्यातून वर येते, पेट्रोलही वर आणते, आणि टक्.

म्हणून तीन प्रश्न. तोंडापाशी जाड पाइपासोबत बारीक नळी आहे का? झाकण उघडल्यावर 'फुस्स' आवाज येतो का? आणि गाडी घ्यायच्या आधी किती दिवस उभी होती?

@भडंगप्रेमी, इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं उतरतं हे खरं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना त्रास होतो, पाणी शोषलं जातं, हेही खरं. पण नोझल बंद पाडायचं काम इथेनॉल करत नाही. त्याला या खटल्यातून सोडा.

भडंगप्रेमी
सोडतो. पण जामिनावर.

शेडमधला_घोडा
@तेराचा_पाना ताई, मनापासून धन्यवाद. तोंडाशी बारीक नळी दिसत नाही, एकच पाइप आहे. फुस्स येतो, भरपूर येतो. मला वाटायचं भारी गाड्यांचं असंच असतं, सोडा वॉटरसारखं. पुण्यात ती बेसमेंटमध्ये वर्षभर उभी होती. माझ्याकडे आल्यावर पावसाळ्यात चार महिने लिंब गावाजवळच्या आमच्या शेतातल्या शेडमध्ये होती. घराच्या उतारावर पोट घासतं, रस्त्याचं काम चालू होतं.

कृष्णाकाठचा
मी वाईट बोलतोय, पण ऐकून घ्या. गाडी पुरात सापडलेली नाही ना? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. त्यानंतर कितीतरी गाड्या धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरं घालून लांबच्या शहरात विकल्या गेल्या. घेणाऱ्याला दोन वर्षांनी कळतं. गाळ अशा जागी बसतो की तिथे बोटसुद्धा जात नाही. आमच्या स्वतःच्या गाडीच्या डिकीतल्या स्टेपनीखाली अजून हळदीसारखा पिवळा गाळ निघतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पुराच्या गाडीच्या बेल्टवर पाण्याची रेघ राहते.

शेडमधला_घोडा
बेल्ट ओढले. स्वच्छ आहेत. डाव्या बाजूच्या बेल्टमध्ये एक चॉकलेट सापडलं, तेही पूर्वमालकाचं. पण तुमचं वाचून छातीत धस्स झालं होतं.

सुट्टे_नाहीत
अवांतर. पेट्रोल नेहमी पहाटे भरावं, थंड असताना घट्ट असतं, जास्त मिळतं. आणि शंभर नाही, एकशे दहाचं टाकावं.

पंपवाला_पुतण्या
@सुट्टे_नाहीत, टाकी जमिनीखाली असते हो. तिथे पहाट आणि दुपार यात फारसा फरकच पडत नाही. समजा दहा अंशांचा पडला, तरी पेट्रोल एखादा टक्का प्रसरण पावतं. म्हणजे तीस लिटरमागे तीनशे मिलि. त्यासाठी तुम्ही पाचला उठणार? एकशे दहाचं म्हणाल तर मशीनला आकड्यांची आवड-निवड नसते. शंका असेल तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. एकशे दहावाले येतात, माप मागणारा वर्षात एखादाच.

सुट्टे_नाहीत
पहाटे उठण्याचे इतर फायदेही आहेत.

किडामुंगी
धागा शेवटपर्यंत वाचला, आणि 'शेतातली शेड' वाचताच उठून बसलो. मी किड्यांचा नाद असलेला माणूस. घोडाराव, शेडच्या पत्र्याला, वाशांना मातीची घरं आहेत का? बोटाएवढी, नळीसारखी?

कुंभारीण माशी! कमरेला दोऱ्याएवढी बारीक, मागचे पाय लांब, दिवसभर ओल्या मातीच्या गोळ्या वाहते. तिच्या नात्यातल्या काही माश्या तर घर बांधायचे कष्टही घेत नाहीत. तयार भोक शोधतात, आत पोरांची सोय करतात आणि तोंड मातीने लिंपून टाकतात. पडकी विजेची पेटी, बांबू, कुलपाचं भोक, काहीही चालतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला २०१३ मध्ये विमानाचा वेग मोजायच्या नळीत अशाच माशीने माती भरली होती. भलंमोठं विमान उडालं आणि परत उतरवावं लागलं. तुमची गाडी त्यापुढे काय!

पावसाळ्यात चिखल आयता, शेड कोरडी, आणि बोट जाईल एवढी रबरी नळी. मी माशी असतो तर मीही तिथेच राहिलो असतो.

कंदीपेढा
वाचनखूण साठवली. गाडीसाठी नाही, माशीसाठी.

ऑफसाइड
माशी कसली, कोळी असणार. २०११ मध्ये माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या पासष्ट हजारांच्या आसपास गाड्या स्वतःहून परत बोलावल्या होत्या. कारण? कॅनिस्टरच्या नळीत पिवळा कोळी जाळं विणतो. या कोळ्याला पेट्रोलच्या वासाचं आकर्षण आहे म्हणे. नळी बंद, टाकीत उणा दाब, टाकीला तडा जायची भीती. स्प्रिंग बसवून दिली तरी बेटे पुन्हा आत शिरले. २०१४ मध्ये अमेरिकेत अजून बेचाळीस हजार गाड्या. पुरावा कागदोपत्री आहे. माशीचा कागद दाखवा.

किडामुंगी
तो कोळी अमेरिकेतला. लिंबच्या शेतात तो व्हिसा काढून येणार का?

ऑफसाइड
कोळी जगभर असतात.

किडामुंगी
आणि कुंभारीण तुमच्या घरात आहे. आत्ता उठून पडद्याच्या नळीत बघा.

ऑफसाइड
बघितलं. राग येतोय, पण आहे.

टवाळ
सामना रंगला. माझे दहा रुपये पालीवर.

संपादक_मंडळ
पैजा लावू नयेत. (पालीवर तर मुळीच नको, टाकीत उतरायला तिला आवडणार नाही.)

तेराचा_पाना
भांडण मिटवायचा मार्ग सोपा आहे. टाकी उतरवायची काहीच गरज नाही.

फिटरकडे रॅम्पवर घ्या. अशा गाडीत कॅनिस्टर बहुतेक मागच्या चाकाच्या आतल्या प्लॅस्टिकमागे किंवा टाकीच्या मागे असतो. त्याच्या बाहेरच्या तोंडाची नळी फक्त कॅनिस्टरकडून सोडवा. टाकीकडची नाही! बाहेरच्या बाजूची, जिच्या टोकाला छोटा फिल्टर असतो ती. तोंड मोकळं ठेवून पंपावर जा आणि चार-पाच लिटर टाका. धडाधड गेलं, तर बोळा त्या नळीत किंवा फिल्टरमध्ये आहे. तरीही टक्-टक् केलं तर दोष कॅनिस्टरमध्ये किंवा टाकीवरच्या झडपेत, आणि मग खर्चाची तयारी ठेवा.

सूचना: इंजिन गार असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, जवळ विडी-काडी नको, हॅलोजन दिवा नको. नळी फुंकायची तर गाडीपासून वेगळी करून, सायकलच्या पंपाने. तोंडाने नको, वाफ फुफ्फुसात जाते. आणि कंप्रेसरची हवा कॅनिस्टरच्या दिशेने तर कधीच मारू नका, कोळशाचा भुगा होतो आणि तो इंजिनकडच्या झडपेत जाऊन बसतो. मग एकाचे दोन रोग.

आणि ते राऊंड फिगर. पुतण्याने बरोबर ओळखलंय. 'टक्' झाल्यावर वरून ओतलेलं पेट्रोल वाफेच्या वाटेने पातळच्या पातळ कॅनिस्टरमध्ये शिरतं. कोळसा भिजला की वाफ धरत नाही आणि हवाही धड जाऊ देत नाही. वास घेऊन बघा. गाडीच्या मागे उभं राहिल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर थोडं भिजलेलं आहेच.

एसटीतला_आबा
पोरीचं ज्ञान पक्कं हाय. आमच्या वेळी अशी एक असती तर निम्म्या गाड्या रस्त्यात पडल्या नसत्या.

डिझेलदादा
माझी डिझेल गाडी आहे, तिलाही टक् होतं. मीपण माशी शोधू का?

पंपवाला_पुतण्या
@डिझेलदादा, तुमचा तो फेस. डिझेलला ताकासारखा फेस येतो आणि फेसाने नोझलचं भोक झाकलं की टक्. घोडा अर्धाच दाबायला सांगा.

डिझेलदादा
आजपासून मी डिझेल नाही, ताक भरतो.

माहेर_मिरज
घोडाराव, पाच दिवस झाले. जिवंत आहात का? की गाडीने शेवटी तुम्हालाच प्यायलं?

शेडमधला_घोडा
जिवंत आहे. सविस्तर लिहितो, कारण या धाग्याचे मी टाकी उतरवण्याएवढे पैसे देणे लागतो.

रविवारी आमच्या ओळखीच्या फिटरकडे एमआयडीसीत गेलो. गाडी रॅम्पवर चढवतानाच पुढच्या बंपरचा ओठ घासला, ते जाऊ दे. धागा फिटरला वाचून दाखवला. त्याने 'कॅनिस्टर' शब्दाला मान हलवली, 'कुंभारीण' शब्दाला हसला. मागच्या उजव्या चाकाचं प्लॅस्टिक काढलं, तिथेच काळा डबा. ताईंनी सांगितल्याप्रमाणे बाहेरची नळी सोडवली आणि तोंड फडक्याने सैल झाकून तशीच गाडी पंपावर नेली. तोच पोरगा होता. मला बघून त्याने आधी स्टूल आणलं, बसून भरायला.

घोडा दाबला. एक लिटर. दोन. तीन. पोरगा माझ्याकडे बघतोय, मी मीटरकडे. पाच लिटरला मीच थांबवलं. तो स्टुलावरून उठून म्हणाला, "सायेब, आज उपास सोडला व्हय?"

परत येऊन नळी पूर्ण काढली. फिटरने सायकलचा पंप लावला. काही नाही. हवा जातच नव्हती. मग बाहेरच्या टोकाचा फिल्टर काढून आत वाकडी तार घातली आणि हळूहळू ओढलं. आधी सुकी माती पडली, मग मातीची करंगळीएवढी कांडी, अर्धी मोडलेली. किडामुंगी, जिंकलात!

पण थांबा. कांडी फोडली तर आत कोळी. एक नाही, नऊ मोजले. बारके, पाय आखडलेले, एकावर एक रचलेले. फिटर चार पावलं मागे गेला.

ऑफसाइड
म्हणजे कोळीच होते! मी काय म्हणत होतो!

किडामुंगी
अहो, ती तिच्या पोरांची शिदोरी! कुंभारीण कोळी पकडते, नांगी मारून बधिर करते, घरात रचते, वर अंडं घालते आणि दार लिंपते. अळी बाहेर आली की ताजं जेवण तयार. मारून ठेवले तर कुजतील, म्हणून फक्त बधिर. कोळी स्वतःहून आत गेले नाहीत, त्यांना उचलून नेलं.

ऑफसाइड
नळीत कोळी सापडले हे खरं की खोटं, एवढंच सांगा.

किडामुंगी
...खरं.

ऑफसाइड
धन्यवाद. माझं काम झालं.

टवाळ
पालीचे दहा रुपये बुडाले.

तेराचा_पाना
वा! घोडाराव, फिल्टर जागेवर होता तर माशी आत कशी गेली, हे बघितलंत का? फिल्टर नीट बसलेला नसणार किंवा त्याची टोपी तुटलेली असणार. ते दुरुस्त केलं नाही तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हाच धागा काढाल.

शेडमधला_घोडा
ताई, टोपीचा एक कान तुटलेला होता, बाजूने फट. नवी मागवली आहे. तोवर फिटरने चहाच्या गाळणीची जाळी कापून बसवली आहे. बायको गाळणी शोधतेय. कृपया हा धागा तिला कुणी पाठवू नये.

कॅनिस्टरला पेट्रोलचा वास आहे थोडा. बदलू का?

तेराचा_पाना
लगेच नको. आता नळी मोकळी आहे, इंजिन हवा ओढून कोळसा वाळवेल. दोन-तीनशे किलोमीटर चालवा, पहिल्या 'टक्'ला थांबा. वास गेला आणि भरताना अडचण आली नाही तर सोडून द्या. वास राहिला किंवा पेट्रोल भरल्या भरल्या गाडी चालू व्हायला कुरकुरली, तर मग बदला. जाळी चालेल, पण फार बारीक असेल तर साफ करत रहा. धुळीनेही तीच गत होते.

कृष्णाकाठचा
पुराची नव्हती, बरं झालं. पण गाळणीचं सांगून ठेवतो, आमच्याकडे २०१९ नंतर चाळण्या-गाळण्या सगळ्या नव्याने घ्याव्या लागल्या होत्या. बायका गाळणी विसरत नाहीत.

शेडमधला_घोडा
शेवटचा अपडेट. काल यवतेश्वर घाटाने कासपर्यंत जाऊन आलो. फुलं नाहीत, गर्दी नाही, रस्ता मोकळा. येताना पंपावर थांबलो. अठ्ठावीस लिटर एका दमात, शेवटी एकच टक्, तेही नीट टाकी भरल्यावर. फुस्स आवाज बंद. पोरगा सवयीने म्हणाला, "राऊंड करू का?" मी म्हणालो नको. रुपयांचा आकडा असा वाकडा आला की सुट्टे देताना त्याने तीन खिसे चाचपले. मागे दुधाचा टेम्पो होता, त्याला हॉर्न वाजवायला वेळच मिळाला नाही. पोरगा म्हणाला, "आता तुमी काय दोन मिंटात जाणार. आधी गप्पा तरी व्हायच्या."

पंपवाला_पुतण्या
तीन रुपये परत घेतलेत? घराण्याचं नाव बुडवलंत.

माहेर_मिरज
बाकी सगळं ठीक, पण त्या माशीचं पुढे काय झालं?

शेडमधला_घोडा
शेडमध्येच आहे. आज सकाळी तोंडात चिखल घेऊन वडिलांच्या जुन्या स्कूटरच्या सायलेन्सरभोवती घिरट्या घालत होती. मी बोळा कोंबलाय. आबा, फडक्याचा चालेल ना?

एसटीतला_आबा
चालंल. पण चालू करायच्या आधी काढा म्हणजे झालं.